‘आता या वयात काय नटायचं?’

पन्नाशी ओलांडलेली बाई आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहिली की घरातून कुणीतरी म्हणतंच, ‘आता या वयात काय नटायचं?’ कधी नवरा म्हणतो, कधी मुलगा, कधी शेजारीण. बहुतेक वेळा मात्र ती बाई स्वतःच स्वतःला हे बजावते आणि कंगवा खाली ठेवून स्वयंपाकघरात निघून जाते. दुसरीकडे टीव्ही, मोबाईल आणि चौकातलं पार्लर तिला रात्रंदिवस सांगत असतं की, पन्नाशीतही पस्तिशीचं दिसता येतं, फक्त ही डबी घ्या. एक बाजू तिची इच्छा लाजेत गुंडाळून टाकते, तर दुसरी तीच इच्छा विकायला काढते. या दोन्हींच्या मध्ये तिची तब्येत कुठेतरी हरवून जाते.

गेली अनेक वर्षं मी सरकारी रुग्णालयात काम करते आहे. श्रीरामपूर आणि आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या बायका तपासते. ऊस, मोसंबी आणि कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला हा भाग. इथली पन्नाशीची बाई बहुधा सून आणलेली, नातवंडं सांभाळणारी, तरीही खुरपणीला जाणारी. ती दवाखान्यात येते तेव्हा तक्रार सांगते गुडघ्याची किंवा पित्ताची. केसपेपर घेऊन उठता उठता हळूच म्हणते, ‘मॅडम, तोंड पार उतरलंय बघा. काही लावायला मिळंल का?’ आणि लगेच हसते, जणू काही चुकीचं मागितलं.

माझं मत स्पष्ट आहे. ती चुकीचं काही मागत नाही. ताजंतवानं दिसावं, चारचौघींत आजच्या काळातलं वाटावं ही इच्छा कोणत्याही वयात निरोगी मनाची खूण आहे. एवढंच नाही, ‘तोंड उतरलंय’ ही तक्रार डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची असते. बाई आपलं दुखणं अंगावर काढते. पण चेहरा तिला रोज दिसतो. शरीरात काही बिघडलं की पुष्कळदा आरसा ते आधी सांगतो. म्हणून या तक्रारीला ‘वय झालं’ हे उत्तर देणं म्हणजे तपासणीचं दार तिच्या तोंडावर लावून घेणं.

वयाने नेमकं काय बदलतं?

आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय साधारण ४६ ते ४७ वर्षं आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या आसपास धरलं जातं. म्हणजे आपली बाई पन्नाशीत पोहोचते तेव्हा तिच्या शरीरातलं इस्ट्रोजेन बहुधा तीन-चार वर्षं आधीच ओसरलेलं असतं. हे संप्रेरक फक्त पाळीपुरतं नसतं. हाडं, रक्तवाहिन्या, झोप, मूत्रमार्ग, केस आणि त्वचा या सगळ्यांवर त्याचा हात असतो. त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजेन पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं आणि नंतर दर वर्षी साधारण २ टक्क्यांनी घटत जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्वचा पातळ आणि कोरडी होते, केस विरळ होतात, हनुवटीवर चार राठ केस उगवतात. हा आजार नाही, तो प्रत्येकीच्या वाट्याला येणारा बदल आहे.

पण त्याच वयाच्या दोन बहिणी शेजारी बसवल्या तर एक पंचेचाळीशीची आणि दुसरी साठीची वाटते, हे कसं? पहिलं कारण ऊन. त्वचेच्या सुरकुत्या, काळे डाग आणि खरखरीतपणा यांत वयापेक्षा उन्हाचा वाटा मोठा असतो. पंचवीस वर्षं शेतात राबलेल्या बाईचा चेहरा आणि तिच्याच दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पाहा. वय दोन्हींचं एकच, पण दंड तरुण असतो. दुसरं कारण तंबाखू, त्याकडे पुढे येते. तिसरं कारण पोटातलं अन्न आणि रक्त. आणि चौथं, ज्याबद्दल आपण बोलत नाही, ते म्हणजे गरज नसताना काढलेली गर्भपिशवी.

आपल्या भागात ऊसतोडीला बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या किती तरी जणी ऐन तिशी-चाळिशीतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पाळी थांबण्यामुळे होणारे सगळे बदल एका रात्रीत सुरू होतात. अंडाशय ठेवलं तरी ते काही वर्षं लवकर थकू शकतं. चाळिशीची बाई पन्नाशी-साठीची दिसू लागते, हाडं ठिसूळ होतात, अंगाला वाफा येतात, झोप उडते. तिला आपण ‘लवकर म्हातारी झाली’ म्हणतो. खरं तर तिला लवकर म्हातारी केलेलं असतं. त्यामुळे ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

उतरलेल्या चेहऱ्याच्या मागे

आता ‘तोंड उतरलंय’ म्हणणाऱ्या बाईकडे वळू. तिला क्रीम देण्याआधी पाहायच्या गोष्टी अगदी साध्या असतात.

चेहरा पांढुरका, डोळ्यांची खालची पापणी फिकी, जिना चढताना धाप लागते, तर रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पन्नाशीला पोहोचणारी बाई हा तोटा घेऊनच पोहोचते, कारण पाळी जाण्याआधीच्या दोन-चार वर्षांत अनेकींना भरमसाट रक्तस्राव होतो आणि ‘जाताना असंच जातं’ म्हणून त्या गप्प बसतात. इथे एक नियम लक्षात ठेवा. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती थांबली असं म्हणतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दवाखान्यात या. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो.

चेहरा सुजल्यासारखा, भुवयांचे बाहेरचे केस विरळ, आवाज घोगरा, थंडी सहन होत नाही, वजन वाढतंय, बद्धकोष्ठता आहे, तर थायरॉइड तपासायला हवं. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी काळी, जाडसर त्वचा झाली असेल तर ती घासून जाणार नाही. शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते, तेव्हा साखर तपासून घ्या. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा, जीभ गुळगुळीत, हातापायांना मुंग्या, असं असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शुद्ध शाकाहारी आणि दूधही जेमतेम घेणाऱ्या घरांत ती सर्रास दिसते. गालांवर फुलपाखरासारखे तपकिरी डाग म्हणजे वांग. तो उन्हाने वाढतो आणि धीराने कमी होतो, पण एका आठवड्यात कधीच जात नाही.

आणि काही जणींचा चेहरा तपासण्यांत काहीच न सापडता उतरलेला असतो. रात्री तीनला जाग येते, रडू येतं, जेवण नको वाटतं, जुन्या मैत्रिणी नकोशा होतात. पाळी जाण्याच्या काळात उदासीनता वाढते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तिला औषध आहे, बोलण्याचा उपचार आहे. ‘मनाला लावून घेऊ नको’ हा उपचार नाही.

डबीतलं विष

अशा वेळी बाजार तिला काय देतो? २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. आई आणि दोन मुली अशा तिघींनी गावातल्याच एका ब्युटीशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं. रंग उजळला, लोकांनी कौतुक केलं. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्तातला पारा ७ असायला हवा त्या ठिकाणी ४६ निघाला. दोष त्या क्रीममधल्या पाऱ्याचा होता. त्याच सुमाराला केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १५ जणांत या आजाराचा एक खास प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा पटकन उजळतो. पण तो त्वचेवर थांबत नाही. रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. (डोळ्यांच्या काही प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे.) तरीही बिनलेबलाच्या, परदेशी लिपीतल्या, बॅच क्रमांक नसलेल्या डब्या विकल्या जातात. क्रीम लावू लागल्यावर लघवीला फेस येणं, पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज येणं, ही लक्षणं दिसली तर क्रीम बंद करा आणि डबी बरोबर घेऊन या. ती डबी आम्हाला रक्ताच्या रिपोर्टइतकीच कामाची असते.

दुसरं विष मेडिकलच्या दुकानातून येतं आणि तेही अगदी स्वस्त. खाजेसाठी असलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूब बायका ‘चेहऱ्याची क्रीम’ म्हणून वर्षानुवर्षं लावतात. देशातल्या १२ केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २ हजार ९२६ जणांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. २०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही शेजारणीने सांगितलेलं नाव सांगून ट्यूब मागवणं थांबलेलं नाही. पहिला महिना चेहरा चमकतो. मग त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरमं येतात, केस वाढतात, आणि ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. पन्नाशीनंतर त्वचा आधीच पातळ असते, म्हणून नुकसान दुप्पट वेगाने दिसतं. अशी ट्यूब चालू असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोरेपणाच्या सुया आणि सलाइन यांच्या वाटेला तर जाऊच नका.

केसांचा रंग हा तिसरा विषय. पांढरे केस ठेवायचे की रंगवायचे, हा जिचा तिचा प्रश्न. त्यात डॉक्टरने मत देऊ नये. पण रंगवायचे असतील तर ज्ञान हवं. बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. ‘काळी मेहंदी’ या नावाने मिळणाऱ्या पाकिटांतही ते असू शकतं. पानांची खरी मेहंदी केस लालसर करते, काळे करत नाही. पीपीडीची ॲलर्जी दहा वर्षं रंग लावल्यावर अकराव्या वर्षीही उद्भवू शकते: टाळूला खाज, कपाळ आणि कानांवर पाणी सुटणारं पुरळ, पापण्या सुजून डोळे बंद. त्यामुळे प्रत्येक नवं पाकीट आधी कानामागे थोडंसं लावून ४८ तास वाट पाहा. एकदा त्रास झाला असेल तर तो रंग पुन्हा कधीही नको. आणि पाकीट मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पोटात गेलेला रंग जिवावर बेततो.

टिकलीबद्दलही एक शब्द. कपाळाच्या मधोमध गोल पांढरा डाग पडला की बायकांना कोडाची भीती वाटते. चिकट टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे असा डाग पडू शकतो. टिकली ताबडतोब थांबवा, डाग दाखवून घ्या. सुरुवातीला आलात तर तो थांबवता येतो.

मिसरी, दात आणि हसू

माणूस म्हातारा दिसतो तो सुरकुत्यांनी कमी आणि तोंडातल्या पोकळीने जास्त. दात पडले की गाल आत जातात, ओठ बारीक होतात, हनुवटी पुढे येते. आणि आपल्या बायकांचे दात लवकर पडण्याचं एक मोठं कारण घराघरांत तव्यावर भाजलं जातं. ते म्हणजे मिसरी. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते,’ असं सांगणारी बाई तंबाखूच लावत असते. दात घासायला म्हणून सुरू झालेली मिसरी दिवसातून चार वेळा लागते, कारण तिची सवय निकोटिनची असते. हिरड्या सरकतात, दात काळे पडून हलू लागतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो.

चेहऱ्याला लावायला काही मागणाऱ्या बाईला म्हणूनच मी आधी तोंड उघडायला सांगते. मिसरी सुटली तर जे तेज येतं ते कोणत्याही डबीत नाही. सोडताना पहिला आठवडा अवघड जातो: चिडचिड, डोकं दुखणं, पोट साफ न होणं. त्या दिवसांसाठी बडीशेप, लवंग, सकाळी कोमट पाणी आणि घरच्यांचा समजूतदारपणा हवा. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर ती दाखवायलाच हवी. पडलेल्या दातांच्या जागी कवळी बसवून घेणं ही हौस नाही. भाकरी चावता आली तर पोषण होतं, आणि हसताना तोंडावर पदर घ्यावा लागत नाही.

मग करायचं काय?

उन्हात जाताना डोक्यावर पदर पुरत नाही. रुंद काठाची टोपी किंवा छत्री, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, शेतावर जुना शर्ट. परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, तेही पुरेसं आणि दर दोन-तीन तासांनी. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर ती ही. कोरड्या त्वचेला अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल. कडकडीत पाणी आणि दगडाने घासणं बंद. टाचांच्या भेगांनाही हेच औषध.

ताटात प्रथिनं हवीत. आपली बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर भाकरी आणि उरलेला रस्सा खाते. डाळ तळाशी संपलेली असते. दोन वेळा घट्ट वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडं, एवढं तिच्या ताटात आधी पडलं पाहिजे. पाळी थांबलेल्या बाईला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दूध यांतून त्यातला मोठा वाटा येतो. हजारो रुपयांच्या कोलॅजेन पावडरी घेण्याआधी हे करा. पोटात गेलेलं कोलॅजेन इतर प्रथिनांसारखंच तुटतं, पचतं. ते उठून गालावर जाऊन बसत नाही.

आणि पाठीचा कणा. वाकलेली पाठ दहा वर्षं वाढवते, ताठ पाठ दहा वर्षं कमी करते. चालणं चांगलंच आहे, पण स्नायू टिकवायला ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून तीन दिवस. मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण यांनी ऐंशीच्या घरात साडी नेसून जोर मारलेले अनेकांनी मोबाईलवर पाहिले असतील. शेतात राबणारी बाई म्हणते, माझा व्यायाम होतोच. खुरपणीने कष्ट होतात, कंबर वाकते. कणा सरळ करणारा व्यायाम वेगळा करावा लागतो.

वाफा येणं, झोप न लागणं फारच त्रास देत असेल तर संप्रेरकांचे उपचार उपलब्ध आहेत. ते कुणाला चालतात, कुणाला नाही, हे स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृताचा आजार यांचा इतिहास पाहून डॉक्टर ठरवतात. निव्वळ चेहऱ्यासाठी ते घेऊ नयेत.

नटण्याची परवानगी कुणाची?

एवढं सांगूनही एक गोष्ट उरते, जी औषधाने सुटत नाही. बाईने किती ताजं दिसावं हे आपल्या समाजात तिच्या वयावर आणि कपाळावरच्या कुंकवावर ठरतं. पन्नाशीनंतर अनेकींचे नवरे आधी जातात. मग रंग फिके, बांगड्या नाहीत, आरसा नाही, सणाला मागे बसायचं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं लोटल्यावर, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. माझ्यासाठी हा ठराव आरोग्याचाही आहे. ज्या बाईला नीटनेटकं राहण्याची मुभा नाही, ती नीट जेवत नाही, तपासणीला येत नाही, गोळ्या सोडून देते. ‘कुणासाठी जगायचं’ हे वाक्य मी अशा बायकांकडून नेहमी ऐकते.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून पुढच्या आज्या गुलाबी साडीचा गणवेश घालून, दप्तर घेऊन शाळेत जातात. ज्यांचे नवरे नाहीत त्याही गुलाबीच नेसतात. त्यांची छायाचित्रं पाहा; सुरकुत्या तेवढ्याच आहेत, पण एकही चेहरा उतरलेला नाही. आजच्या काळातलं दिसणं म्हणजे काय, याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे: अंगावर आवडता रंग, डोळ्यांवर योग्य नंबरचा चष्मा, आणि उद्या कुठेतरी जायचं आहे ही खात्री.

सरकारकडूनही काही अपेक्षा आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. सप्टेंबर २०२२ पासून राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान राबवलं गेलं. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. सोय आहे, कमी आहे ती विचारणारी व्यक्ती. आशाताई गरोदर बाईच्या दारात जाते, बाळाच्या लसीला जाते. पन्नाशीच्या बाईच्या दारात ‘पाळी थांबली का, झोप लागते का, मिसरी लावता का’ हे तीन प्रश्न विचारायला कुणी जात नाही, कारण ते कुणाच्या रजिस्टरमध्ये नाहीत. ते रजिस्टरमध्ये यायला हवेत. तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस या वयाच्या बायकांसाठी असावा, जिथे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, तोंड, स्तन आणि मन एकाच खेपेत पाहिलं जाईल. बाजाराच्या दिवशी ठेवला तर त्या आपोआप येतील.

आणि घरातल्या माणसांना एवढंच सांगणं. या आठवड्यात आईच्या, सासूच्या, मोठ्या बहिणीच्या ताटात डाळ आधी वाढा. तिची ट्यूब आणि डबी एकदा उजेडात नेऊन वाचा. तिला तपासणीला घेऊन जा, आणि परत येताना कापडाच्या दुकानात थांबा. रंग तिलाच निवडू द्या.